उतरविलेल्या आसनाचें वजन

घराची दुरुस्ती काढली म्हणून घर सोडून सहसा कोणी जात नाहीं. बार्शींतल्या जुन्या वाड्यांत राहिलेल्यांस हा अनुभव नवा नाहीं. माजघराची फरशी उखडली, कीं पानें ओसरीवर मांडलीं जातात. स्वयंपाकघराच्या भिंती ओल्या असल्या, कीं शेगडी परसदारीं जाते. चार दिवस थोडी धूळ भाताबरोबर पोटांत जाते आणि तेवढ्यावर भागतें. घर मोठें क्षमाशील असतें. त्यांतलें कपाट इकडचें तिकडे केलें म्हणून तें कलंडत नाहीं. परंतु हाच न्याय आकाशांत उडणाऱ्या वाहनास लावतां येईल काय, असा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्या घरांत उपस्थित झाला.

आमचा पुतण्या अमेरिकेंत असतो. थोरल्या बंधूंच्या पश्चात् वहिनींस तोच एक आधार. दोन मित्रांसह त्यानें तेथें एक जुनें सेस्ना १७२ विमान घेतलें आहे. या चार आसनी जातीचीं ४०,००० हून अधिक विमानें आजवर तयार झालीं आहेत. तेव्हां ही कांहीं केवळ राजेरजवाड्यांची चैन नव्हे. त्यानें लिहिलें, "काका, आंतलें सर्व जीर्ण झालें होतें. मागचें आसन, गालिचा, बाजूचीं अस्तरें काढलीं आहेत. नवीं येण्यास दोन महिने लागतील. पण यंत्र उत्तम आहे. पुढल्या महिन्यांत आम्ही तिघें फिरून येऊं म्हणतों. छकुली आईच्या मांडीवर बसेल." छकुली पांच वर्षांची.

पत्र मोठ्यानें वाचलें गेलें. तरुण मंडळी खूष झाली. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. निवडावयास घेतलेली भाजी तशीच पुढें ठेवून बसल्या.

आम्ही कांहीं वैमानिक नव्हे. परंतु "जाऊं नकोस" एवढेंच लिहून पाठविणें हें वडीलधाऱ्यास शोभण्यासारखें उत्तर नव्हे, म्हणून जाणत्यांस विचारलें आणि मिळालें तें वाचलें. त्यावरून कळलें तें असें. आंत अस्तर नाहीं एवढ्याच कारणानें विमान उडण्यास अपात्र ठरत नाहीं. मुख्य सांगाड्यास हात न लावतां गादी-अस्तराची दुरुस्ती करण्याची परवानगी अमेरिकेंत परवानाधारक वैमानिक-मालकास असते. मात्र केलेल्या कामाची नोंद विमानाच्या वहींत झाली पाहिजे. खरा प्रश्न वजनाचा आहे, आणि त्याहीपेक्षां तें वजन कोठें आहे याचा. विमानाच्या कागदपत्रांत त्याचें रिकामें वजन आणि तोलाचा बिंदु लिहिलेला असतो. कावड वाहणाऱ्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं. मागच्या घागरींतलें पाणी ओतून टाकलें, तर ओझें हलकें होतें खरें, पण कावड पुढें झुकते. मागचें आसन काढलें, कीं विमानाचा तोल तसाच पुढें सरकतो. तो मर्यादेबाहेर गेला, तर उतरतांना नाक उचलणें जड जातें. उलट तोल फार मागें गेला, तर विमान अस्थिर होतें आणि गोता खाऊं लागल्यास सांवरणें कठीण पडतें. शिवाय सुकाणूच्या तारा तळाखालून जातात. दुरुस्तींत तेथें विसरलेला एक स्क्रूही अनर्थ करूं शकतो. आणि दोन वर्षांवरील प्रत्येकास स्वतःचें आसन व पट्टा हवा, असा तिकडील नियमच आहे.

हें वाचीत असतां आम्हांस आपल्याच गांवची आठवण झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीं १८९७ मध्यें सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे याच विचारावर उभी होती. हलक्या रुळांवरून भरपूर माल जावा म्हणून इंजिनाच्या किंवा वाघिणीच्या कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, हा त्यांचा दंडक. ती अडीच फुटी गाडी १९५४ मध्यें सरकारकडे गेली, आणि पुढें तिच्या जागीं रुंद रूळ आले. याच गृहस्थांचे मित्र चार्ल्स रोल्स १९१० मध्यें इंग्लंडांत विमान कोसळून मरण पावले. त्यानंतर कॅलथ्रॉप हवाई छत्रीच्या मागें लागले, आणि त्यांची 'गार्डियन एंजल' ही छत्री पहिल्या महायुद्धांत उपयोगांत आली. रुळांवरचा भार मोजणारा मनुष्य अखेरीस उडणाऱ्यांच्या जिवाची काळजी वाहूं लागला, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

पुतण्यास आम्हीं हें सर्व कळविलें आणि शेवटीं एकच विचारलें: काढलेल्या आसनाचें वजन किती, आणि तें वहींत कोणीं लिहिलें?

आठ दिवस उत्तर नव्हतें. नवव्या दिवशीं आलें. त्यानें परवानाधारक कारागिराकडून सारा हिशेब नव्यानें मांडून घेतला होता. तो मर्यादेंत बसला, तेव्हां शांत हवेंत एकटाच अर्धा तास उडून आला. अस्तराविना आवाज इतका, कीं कान बधिर झाले. बायको-मुलीस मात्र मागचें आसन बसल्यावरच नेईन, असें लिहिलें होतें.

वहिनींनीं तें पत्र दोनदां वाचावयास लावलें. मग म्हणाल्या, "काढलेल्या वस्तूचाही हिशेब ठेवतात, हें बरें आहे."

तो परदेशीं गेल्यापासून आमच्या पंक्तींत एक पान कमी मांडलें जातें. घर त्यामुळें कलंडलें नाहीं. परंतु त्या रिकाम्या जागेचा भार कोणाच्या वांट्यास आला, हें कोणत्याही वहींत लिहिलेलें नसतें. विमानास तोलाचा कागद असतो. कुटुंबास तो नसल्यामुळें डोळेच उघडे ठेवावे लागतात. घरांतून कोणी दूर गेलें असतां मागें राहिलेल्यांनीं थोडें सरकून बसावें, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.