दहा दिवस, दोन देश आणि पाखरं

आमच्या घरात यंदा दिवाळीच्या सुट्टीचा बेत पाखरांवरून ठरतो आहे. नववीतल्या लेकीच्या वहीत सवच्या नदीकाठची 63 पाखरं नोंदलेली आहेत. पुढच्या वर्षी तिची दहावी, म्हणजे लांब जायचं तर याच नोव्हेंबरात. अब्बांची थोरली बहीण, आमची फुफू, केपटाऊनला असते, वय 81. घरातला धाकटा मुलगा दुबईत नोकरीला. तेव्हा एका तिकिटात दोन देश, भेटीगाठी आणि पाखरं, सगळं दहा दिवसांत बसतं का, हे आम्ही दोन महिने जुळवतो आहोत. आमच्यासारखी अर्धं कुटुंब परदेशी असलेली घरं वाचकांत पुष्कळ असतील, म्हणून हा हिशेब इथे मांडतो.

शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न होता की, पाखरं बघायला एवढ्या लांब कशाला? प्रश्न खोटा नाही. सव हे महाडजवळचं, सावित्रीच्या काठचं, गरम पाण्याच्या कुंडांसाठी माहीत असलेलं गाव. सकाळी काठावर खंड्या, वंचक, पाणकावळे, शेपटी हलवत धावणारे धोबी असतात आणि ऊन चढलं की चिखलावर मगरी पसरतात. हुदहुद तर अंगणात येतो. हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांच्या किश्शामुळे मुलांना त्याचं नाव शिकवावं लागलं नाही. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गिधाडं आहेत. त्यांच्यासाठी महाडच्या सिस्केप संस्थेने अनेक वर्षं काम केलं आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे देशभरची गिधाडं मेली आणि 2006 मध्ये त्या औषधाच्या जनावरांवरील वापराला बंदी आली, हे लेकीने आम्हाला शिकवलं. ज्यांनी चिरगाव पाहिलं नाही त्यांनी आधी तिथे जावं, असं आम्हीही म्हणू.

पण हिवाळ्यात आपल्या तारांवर बसणारी भिंगरी उत्तरेकडून येते आणि तिच्याच जातीच्या दुसऱ्या भिंगऱ्या युरोपातून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत उतरतात. अमूर ससाणा तर सायबेरिया आणि चीनकडून निघून नागालँडमध्ये थांबतो, भारत ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिका गाठतो. लेकीला तो तिकडे बघायचा होता. मात्र तो उतरतो दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या गवताळ भागांत आणि केपटाऊन नैऋत्य टोकाला आहे. मधलं अंतर मुंबईहून दिल्लीला जाण्याइतकं. तो बेत आम्ही पहिल्याच आठवड्यात खोडला. कमी सुट्टीत दोन देश करायचे तर काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं.

महिना निवडणं सोपं गेलं. मे महिन्यात दुबई भाजते आणि केपला हिवाळ्याचा पाऊस सुरू होतो. उत्तरेचे पाहुणे पक्षी तोवर परत गेलेले असतात. नोव्हेंबरात दुबईची हवा निवळते, केपला वसंत सरत आलेला असतो आणि सायबेरियाकडचे पक्षी तिथे पोचलेले असतात. दिवाळीची सुट्टी नेमकी त्यात बसते आणि रमजान अजून दूर असतो.

मुंबई ते दुबई सुमारे तीन तास, दुबई ते केपटाऊन साडेनऊच्या आसपास. एकाच तिकिटावर दुबईला मुक्काम घेता येतो का, हे एजंटला विचारून घ्यावं; वेगळी दोन तिकिटं काढली आणि पहिलं विमान चुकलं तर दुसरं बुडतं. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे तिकीट कधी स्वस्त दिसतं, पण त्या वाटेने गेल्यास पीतज्वराच्या लसीचा दाखला मागितला जाऊ शकतो. व्हिसा दोन्ही देशांचा लागतो. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईवडील दोघांची नावं पासपोर्टप्रमाणेच आहेत का, हे आधी पाहावं. आपल्याकडे 'शेख' कधी पुढे, कधी मागे, कधी गायब असतं.

दुबईला तीन दिवस, तेही परतताना. जाताना थांबलो तर बॅगा तिथेच भरतील, हे अम्मींचं म्हणणं सर्वांना पटलं. रास अल खोर हे तिथलं पाणथळ अभयारण्य भर शहरात आहे. आडोशाच्या खोलीत बसून रोहित पक्षी बघायचे आणि मागे उंच इमारतींची रांग. रोहित तर ऐरोलीलाही दिसतात, असं धाकट्याने फोनवर सुनावलं. खरं आहे, ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि तिथे होडीतून रोहित दाखवतात. पण ठाण्याला बहुतांश लहान जातीचे असतात, रास अल खोरला मोठ्या जातीचे. लेकीच्या वहीत या दोन वेगळ्या ओळी आहेत. बाकीच्यांना त्या गुलाबी रंगाशी मतलब.

केपटाऊनला सहा दिवस. स्ट्रँडफाँटेन म्हणजे शहराच्या सांडपाण्याचे तलाव. नाव ऐकून अम्मींनी नाक मुरडलं, पण बांधांवरून गाडी फिरते आणि रोहित, झोळीवाले पाणपक्षी, बदकं गाडीत बसल्या बसल्या दिसतात. गुडघे दुखणाऱ्या 74 वर्षांच्या अब्बांसाठी याहून सोयीची जागा आम्हाला सापडली नाही. सायमन्स टाऊनजवळ बोल्डर्सच्या किनाऱ्यावर पेंग्विन आहेत. 1982 च्या सुमारास तिथे दोनच जोड्या आल्या होत्या, मग मोठी वसाहत झाली. आता आफ्रिकन पेंग्विनची एकूण संख्या इतकी घटली आहे की 2024 मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आलं. त्याचं खाणं म्हणजे तारली आणि मांदेलीच्या जातकुळीतली मासळी. ती कमी झाली की काय होतं, हे कोकणात कोणाला समजावायला नको. नोव्हेंबरच्या सुमारास हे पेंग्विन जुनी पिसं टाकतात, तोवर पाण्यात उतरत नाहीत, उपाशी उभे असतात. म्हणून तेव्हा किनाऱ्यावर ते हमखास दिसतात.

एक दिवस उत्तरेला लँगेबानच्या खाडीसाठी, सुमारे 120 किलोमीटर. तिथे सायबेरियातून आलेले छोटे चिखलपक्षी भरतीच्या पाण्याने आडोशाजवळ ढकलले जातात, म्हणून भरतीचं वेळापत्रक पाहून निघायचं. सावित्रीकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. हुदहुद तिकडेही आहे, तांबूस, आणि तुऱ्याच्या काळ्या टोकांखाली पांढरी पट्टी नसलेला. आणखी एक ओळखीचा पक्षी म्हणजे आपला साधा कावळा. तो जहाजांवरून तिथे पोचला, वाढला, आणि तिथल्या पालिकेने त्याला हटवायची मोहीम काढली.

आपली माणसंही जहाजांनीच गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रायगड-रत्नागिरीच्या गावांतले कोकणी मुसलमान केपटाऊनला जात होते. 1913 च्या कायद्याने नव्यांची वाट जवळजवळ बंद केली. मग वर्णभेदाने डिस्ट्रिक्ट सिक्ससारखे मिश्र मोहल्ले उठवले आणि माणसांना रायलँड्ससारख्या वेगळ्या वस्त्यांत पाठवलं. इकडून भारताने 1946 मध्ये व्यापार तोडला आणि राजनैतिक संबंध परत जुळले ते 1993 मध्ये. मधली वर्षं पुष्कळ घरांनी पत्रांवर काढली. फुफू निकाहानंतर त्या बंद दारातून कशीबशी तिकडे पोचली. अब्बा तिला शेवटचं भेटले 1998 साली, मुंबईत. तिची मुलं इंग्रजीत बोलतात. घरात कोकणी बोलणारी ती एकटी उरली आहे.

खरा वाद पैशांवर झाला. 2021 च्या जुलैत महाड बुडालं तेव्हा आमच्या खालच्या खोल्यांत पाणी भरलं होतं, तेव्हापासून माडीसाठी पैसे बाजूला पडत आहेत. तेच या सफरीला जाणार. घरातल्या एकाने स्पष्ट विचारलं, पाखरं बघायला माडी थांबवणं हा इसराफ नाही का? अब्बा म्हणाले, "बहिणीला भेटणं इसराफ असेल तर तसं सांगा." त्यावर कोणी बोललं नाही, पण प्रश्न मिटला असंही नाही. पुढचा पावसाळा खालच्या खोल्यांतच काढायचा आहे, आणि सामान उचलून ठेवायच्या फळ्या मेमध्येच बसवाव्या लागतील.

मग दिवसांची वाटणी झाली. फजर ते नाश्ता पाखरांसाठी, त्यानंतरचा दिवस नातेवाइकांसाठी. लँगेबानचा दिवस तेवढा वेगळा. केपला नोव्हेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, म्हणजे नमाज पढून निघालं तर नऊपर्यंत भरपूर बघून होतं. दुपारी तिथला आग्नेयेचा वारा असा सुटतो की दुर्बीण स्थिर धरता येत नाही. दावती रोज एकच, तीही रात्री, असं फुफूच्या मुलांना आधीच कळवलं आहे. एक जुम्मा बो-काप मोहल्ल्यात, 1794 च्या सुमारास सुरू झालेल्या अव्वल मशिदीत. दुर्बीण एकच, आठ पट मोठं दाखवणारी, आळीपाळीने. दुबईत ती विमानतळ, राजवाडे किंवा लोकांच्या खिडक्यांकडे रोखायची नाही, हे धाकट्याने दोनदा बजावलं.

फुफूला फोनवर विचारलं, इकडून काय आणू? बांगडे, कोकम, काही नको म्हणाली. विमानतळावर काढून घेतात. मग विचारलं, कुंडांच्या बाजूला कुकुडकुंभा अजून घुमतो का? तेव्हापासून लेक रोज फजरनंतर मोबाईल घेऊन बांबूच्या बेटाशी उभी राहते. दोनदा रेकॉर्ड झालं. दोन्ही वेळा मागून रिक्षाचा हॉर्न आला.