इर्ल्याचा क्रूस, जामसावलीचं तीर्थ

पांढुर्णा,
पोळ्यानंतरचा आठवडा

चि. बाळ,


पत्र लिहिण्यास कारण की, छिंदवाड्याच्या तुझ्या ख्रिस्ती मित्राशी तुझं बोलणं बंद झाल्याचं ताईकडून कळलं. तू त्याला इर्ल्याची गोष्ट ऐकवलीस, त्याने ‘देव न मानणाऱ्याला पापपुण्य काय कळणार’ म्हटलं, आणि चहा तसाच टाकून दोघं उठलात. ज्या गोष्टीवरून बिनसलं ती बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते, म्हणून पूर्ण लिहितो.

मार्च २०१२. मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागात वेलंकणी मातेच्या चर्चपाशी एक क्रूस आहे. त्यावरच्या येशूच्या पायांशी पाणी ठिबकू लागलं. गर्दी झाली, प्रार्थना सुरू झाल्या, लोक ते पाणी भांड्यात धरून घरी नेऊ लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू तिथे पोचले. त्यांनी प्रवचन दिलं नाही. ओल कुठून येते ते पाहिलं, भिंत चाचपली, फोटो काढले. जवळच्या सांडपाण्याची नाली तुंबली होती. कंदिलाची वात रॉकेल ओढते तसं ते पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत होतं आणि क्रूसापाशी झिरपत होतं, हा त्यांचा निष्कर्ष.

इथवर भांडायचं काही कारणच नव्हतं. चर्चनेही तो चमत्कार म्हणून जाहीर केलेला नव्हता. पण पुढची चर्चा टीव्हीवर गेली आणि नालीचा विषय मागे पडला. चर्च अंधश्रद्धेला खतपाणी घालतं, असा आरोप एका बाजूने झाला. माफी मागा, असा आग्रह दुसऱ्या बाजूने. मग काही कॅथलिक मंडळींनी पोलिसांत तक्रारी दिल्या, दंड संहितेचं कलम २९५-अ पुढे आलं, आणि अटकेची टांगती तलवार पाहून एडामारुकू त्याच वर्षी फिनलंडला गेले. १९२७ साली कायद्यात आलेलं हे कलम जाणूनबुजून, द्वेषबुद्धीने केलेल्या धर्माच्या अपमानासाठी होतं. तुंबलेली नाली दाखवणं हा अपमान नव्हे. तक्रार करणाऱ्यांची ती साफ चूक होती, आणि तुझ्या मित्राला हे सांगायला मला संकोच वाटणार नाही.

त्याला आणखीही एक सांगता येईल. चमत्काराची उलटतपासणी ही त्याच्या धर्माला परकी नाही. कॅथलिक चर्चमध्ये कुणाला संतपद देण्याआधी त्याविरुद्ध बाजू मांडण्यासाठी शतकानुशतकं एक अधिकारी नेमला जाई. १९८३ साली त्या पदाचं महत्त्व कमी झालं. तरीही मदर तेरेसांच्या वेळी चर्चने क्रिस्टोफर हिचन्स यांना साक्षीला बोलावलं. हिचन्स कट्टर नास्तिक, १९९५ साली तेरेसांवर जळजळीत पुस्तक लिहिलेले. ते वॉशिंग्टनमध्ये चर्चच्या माणसांसमोर बसले आणि विरोधातलं सगळं बोलले. निर्णय बदलला नाही. २०१६ साली तेरेसा संत झाल्या. पण साक्ष घेतली गेली, आणि कुणी पोलीस बोलावले नाहीत.

आता तुझ्या बाजूचं. तुझ्या कपाटात खगोलशास्त्रज्ञ नारळीकरांची पुस्तकं आहेत. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल धर्माचे कडक टीकाकार. विश्वाला आरंभ आहे हे त्यांना पटत नसे, आणि ‘बिग बँग’ हे नाव १९४९ साली रेडिओवर त्यांनीच उच्चारलं. तो सिद्धांत ज्यांनी मांडला ते जॉर्ज लमेत्र मात्र बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात सृष्टीच्या निर्मितीला पुष्टी मिळते असं भाषण केलं, तेव्हा नाराज झाले ते लमेत्रच. विज्ञानाचा सिद्धांत देवाच्या बाजूने किंवा विरुद्ध जुंपू नये, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. मित्र प्रार्थना करतो एवढ्यावरून त्याची बुद्धी गहाण पडली असं तू धरून चालतोस. लमेत्रांपुढे ते टिकत नाही.

आणि त्याच्या ‘पापपुण्य’वाल्या बोलण्याला उत्तर त्याच्याच गावात आहे. छिंदवाड्याचं ल्यूथरन चर्च स्वीडिश मिशनऱ्यांनी उभं केलं. त्या स्वीडनमध्ये आज कितीतरी लोक देव मानत नाहीत, आणि तरीही प्रामाणिक कारभारासाठी त्या देशाचं नाव जगात घेतलं जातं. आपल्याकडे अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे नरेंद्र दाभोलकर देव न मानता आयुष्यभर लोकांसाठी झिजले; २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या.

एक गोष्ट मात्र तू विसरू नकोस. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात ख्रिस्ती फक्त ०.२९ टक्के होते. इथे १९६८पासून धर्मांतराचा कायदा आहे, २०२१चा तर आणखी कडक. श्रद्धेबद्दल चारचौघांत बोलताना त्याला शब्द तोलावे लागतात. त्याचा उतावळा राग त्या धास्तीतूनही येत असेल. तू तरी बहुसंख्यांच्या घरात जन्मलेला नास्तिक आहेस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर दगडफेकीची गोटमार होते, डोकी फुटतात, तेव्हा तू घरात बसून चडफडतोस, पण बाहेर मोठ्याने बोलत नाहीस. का, ते मला ठाऊक आहे.

म्हणून सांगतो. सौसर तालुक्यातल्या जामसावलीला निद्रिस्त हनुमान आहे. मूर्तीच्या नाभीतून पाणी येतं, ते घेतल्याने आजार बरे होतात, ही तिथली श्रद्धा. बाधा झाली म्हणून माणसं आणली जातात. इर्ल्याच्या पाण्याबद्दल मित्राला जो प्रश्न विचारलास, तो तिथे, आपल्याच नातेवाइकांना, तितक्याच स्पष्टपणे विचारशील का? आधी ते कर, आणि सोबत त्याला घेऊन जा. आपल्या माणसांशी तू कसा बोलतोस, हे त्याला ऐकू दे. आजाऱ्याला आधी सौसरच्या दवाखान्यात न्यावं, एवढं तर प्रार्थना करणारा तो आणि न करणारा तू, दोघं मिळून सांगू शकाल.

फोन आधी तू कर. तू त्याच्यापेक्षा मोठा आहेस.

तुझा,
मामा