फराळाच्या ताटातली तपकिरी वडी

चॉकलेटची वडी हा आमच्या आयांनी दिवाळीच्या फराळात हळूच घुसवलेला पदार्थ. आजीच्या यादीत तो नव्हता. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत पडायचे, चकलीची भाजणी गिरणीतून दळून यायची, करंज्यांना तर शेजारपाजारच्या बायका आपापली लाटणी घेऊन यायच्या. एवढ्या थाटात अर्ध्या तासात होणाऱ्या वडीला कोण विचारतो? सोप्या गोष्टीला आपल्याकडे मान कमीच. ‘त्यात काय, पाकात पावडर ढवळायची,’ असं आजी म्हणायची. मग ‘अंडं नाही ना गं यात?’ असं विचारून खात्री करायची आणि येता-जाता एक तुकडा तोंडात टाकायची.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत जे मध्यमवर्गीय मराठी घरांत वाढले त्यांना हे सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी थोडं सविस्तर. चॉकलेट तेव्हा महाग होतं. वाढदिवसाला वर्गात वाटायच्या त्या रावळगावच्या नाहीतर पार्लेच्या गोळ्या, प्रत्येकाला दोन आणि बाईंना चार. कॅडबरी कंपनी 1948 पासून मुंबईत होती, ठाण्याला तिचा कारखानाही होता. पण घरात कॅडबरी यायची ती मामा नोकरीला लागला किंवा कुणाची स्कॉलरशिप आली तरच. आई ती सुरीने, रेघांवरून, भावंडांच्या संख्येने भागून कापायची. बाकी उरली तर ती बाबांची.

दुधाचीही चैन नव्हती. मुंबईत आरेचं कार्ड, पहाटेची रांग आणि मोजून मिळणाऱ्या बाटल्या. चहा आणि पोरांचे पेले भागवून खवा आटवायला दूध उरणार कुठून? साखर रेशनवर, सणाला थोडा जादा कोटा सुटला की त्याची बातमी चाळभर व्हायची. अशा वेळी दुधाच्या पावडरीचा डबा घरात आला आणि त्याने बरंच काही बदललं. ही पावडर म्हशीच्या दुधाची, याचं आज कुणाला काही वाटत नाही. पण म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही, असं परदेशी तज्ज्ञ ठामपणे सांगत होते. आणंदला हरिचंद मेघा दलाया या तंत्रज्ञाने ती करून दाखवली आणि 1955 साली तिथला कारखाना सुरू झाला. नाव सगळं आणंदच्या दूध संघाचे प्रमुख कुरियन यांचं झालं. ते योग्यच आहे, पण आमच्या वड्यांचं थोडं श्रेय दलायांकडेही जातं.

आता कृती. दोन वाट्या मिल्क पावडर, वाटीभर साखर, तीन-चार चमचे कोको, लिंबाएवढं लोणी. हे प्रमाण आईच्या वहीत होतं, मावशीच्या वहीत होतं आणि समोरच्या काकूंच्या वहीतही होतं. पहिल्यांदा कुणी लिहिलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कोको आणि पावडर एकत्र चाळून घ्यायची, नाहीतर गुठळ्या राहतात आणि खाताना मध्येच कडू फुटतात. चाळणीखाली वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर पडलेला तपकिरी-पांढरा भुगा बोटाने टिपणं हे धाकट्याचं काम.

खरी परीक्षा पाकाची. साखर बुडेल इतकंच पाणी, मध्यम आच, आणि बुडबुडे जाड झाले की आई उलथन्यावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून पाहायची. एक तार निघाली की गॅस बंद. इथे कुणाशी बोलायचं नाही, दारावरची बेल वाजली तरी उठायचं नाही. लोणी घालायचं, मग पावडर, आणि उलथनं जोरात फिरवायचं. हात भरून यायचा, म्हणून घोटायला घरातल्या मुलग्यांनाही बसवायचे. एरवी स्वयंपाकघरात त्यांची लुडबुड चालत नसे. गोळा कडा सोडून मध्ये यायला लागला की तो तूप लावलेल्या ताटात ओतायचा आणि वाटीच्या बुडाला तूप लावून थापायचा. ती वाटी फिरवल्याचे गोल वळ वडीवर राहायचे. आज तयार खोक्यातल्या गुळगुळीत चौकोनांवर ते वळ दिसत नाहीत, आणि मला अजून त्यांची उणीव भासते.

पाक पुढे गेला तर वडी ताटातच खडखडीत व्हायची आणि बत्त्याने फोडावी लागायची. कमी पडला तर ती बसायचीच नाही. मग तिला ‘चॉकलेटचा हलवा’ म्हणून वाट्यांतून वाढायचं. नीट जमली तर सुरीने तिरके काप. कडेचे वेडेवाकडे तुकडे मुलांचे, मधले चौकोनी डब्यात. त्या डब्याला हात लावायचा नाही, कारण ते ‘द्यायचे’ असत.

देण्यातच या वडीचा खरा मोठेपणा होता. ताटात चिवडा, चकली, लाडू, शंकरपाळे सगळ्यांकडे सारखेच. तुमच्या चकलीपेक्षा माझी खुसखुशीत एवढाच काय तो फरक, आणि तोही कुणी तोंडावर बोलायचं नाही. पण विणलेल्या रुमालाखालून तपकिरी वडी निघाली की शेजारच्या घरातली पोरं धावत यायची. आत्या सोलापूरला, काका नागपूरला. त्यांना पोस्टाने जाणारा डबा कापडात शिवून, लाखेचं सील लावून निघायचा. करंज्या वाटेत मोडतात, चिवडा सादळतो, ही वडी मात्र जशीच्या तशी पोचायची. अमेरिकेला निघालेल्या कुणाच्या तरी पोराच्या बॅगेत लाडवांच्या शेजारी तिचीही पुडी जायला लागली.

फज नावाचा तिचा श्रीमंत भाऊ आमच्याकडे आला तो नाताळात, खालच्या मजल्यावरच्या आँटींच्या ताटातून. गिरगाव, माहीम, वांद्रे, वसई अशा भागांत ज्यांना ख्रिस्ती शेजार लाभला त्यांच्या आठवणीत हे ताट असणारच. कलकल, नेवऱ्या, डोदोल, पेरूची पेराद, गुलाबी मार्झिपान, शुभ्र मिल्क क्रीम, आणि एका कोपऱ्यात काळसर, चकचकीत, अक्रोड घातलेले चौकोन. दिवाळीत आपलं ताट खाली जायचं, डिसेंबरात त्यांचं वर यायचं. रिकामं ताट परत द्यायचं नाही हा नियम दोन्ही घरांत सारखाच पाळला जायचा. काही नसलं तर निदान साखर. चवीला ते फज आमच्या वडीहून मऊ, दाताला जरा चिकटणारं, आणि महत्त्वाचं म्हणजे कधीच न बिघडणारं. आईने न राहवून विचारलं तेव्हा आँटी हसून म्हणाल्या, ‘पाक कसला, मिल्कमेडचा डबा फोडायचा!’

पंजाबातल्या मोग्याला नेस्लेचा कारखाना 1961 साली उभा राहिला आणि मिल्कमेडचे डबे किराणावाल्याकडे दिसू लागले. मुळात दूध आटवून, साखर घालून डब्यात भरायची युक्ती रुळवली ती अमेरिकेतल्या गेल बोर्डेनने. त्याला 1856 साली दूध आटवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. दूध आटवण्याचं आणि साखर विरघळवण्याचं कंटाळवाणं काम कारखाना करून ठेवतो. आपण फक्त कोको, लोणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. त्यात तार नाही, थेंब नाही, श्वास रोखून उभं राहणं नाही. पत्र्याचा तो रिकामा डबा मात्र चाटायला जाऊन किती जणांनी जीभ आणि बोटं कापून घेतली असतील, देव जाणे. नंतर त्यात पेनं राहायची किंवा पुदिना लावला जायचा.

फज हा पदार्थ तसा फार जुना नाही. एमेलिन हार्ट्रिज नावाच्या अमेरिकन बाईंनी पत्रात लिहून ठेवलंय, की 1886 साली बाल्टिमोरच्या एका किराणा दुकानात ते 40 सेंटला पौंड या भावाने मिळायचं. आपल्या आनंदीबाई जोशी त्याच वर्षी शेजारच्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. पुढे हार्ट्रिज व्हॅसर या मुलींच्या कॉलेजात शिकत असताना त्यांनी 1888 साली तिथल्या लिलावासाठी 30 पौंड फज स्वतः केलं, आणि मग ते एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात पसरलं. होस्टेलच्या मुली दिव्याच्या गॅसवर ते शिजवायच्या म्हणे. आपल्याकडच्या वसतिगृहांतल्या मुलींनी चोरून वापरलेली शेगडीची कॉइल ज्यांना आठवते त्यांना यात नवल वाटणार नाही.

त्या मुलींचं फज सोपं नव्हतं. साखर आणि दूध 112 ते 115 अंशांपर्यंत उकळायचं, म्हणजे आपल्या भाषेत गोळीबंद पाक. पाण्यात थेंब टाकला तर त्याची मऊ गोळी वळली पाहिजे. मग भांडं न हलवता कोमट होऊ द्यायचं आणि त्यानंतरच घोटायचं. गरम असताना चमचा घातला तर साखरेचे मोठे कण धरतात आणि फज रवाळ होतं. निवल्यावर घोटलं तर कण इतके बारीक राहतात की जिभेला कळत नाहीत. नारळाची वडी आचेवरून उतरवल्यावर घोटणाऱ्या बायकांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. नेमकं केव्हा थांबायचं ते त्यांच्या मनगटाला कळायचं.

मुंबई-पुणे प्रवासात फज म्हणजे लोणावळा. चिक्की सगळेच घेत, पण ज्यांना माहीत होतं ते कूपरच्या दुकानापुढे रांगेत उभे राहत. त्या पारशी दुकानातलं चॉकलेट-अक्रोडाचं फज घरी आलं की आईने तुकडा तोडून, बोटांत दाबून, वास घेऊन तपासणी केली नाही असं कधी झालं नाही. अशा पाहण्यातून तिच्या वडीत अक्रोड आले. अक्रोड परवडत नसत तेव्हा भाजलेले शेंगदाणे. मला विचाराल तर शेंगदाण्याचीच वडी जास्त चांगली लागायची, पण हे मी कुठे फारसं बोलत नाही.

नव्वदीत चित्र पालटलं. चॉकलेटच्या मोठ्या लाद्या मिळायला लागल्या, क्रॉफर्ड मार्केटातून आणि पुण्याच्या बोहरी आळीतून साचे आणि रंगीत चांदी यायला लागली, आणि गल्लोगल्ली ‘चॉकलेट मेकिंग’चे क्लास निघाले. लादी वितळवा, साच्यात ओता, फ्रीजमध्ये ठेवा, चांदीत गुंडाळा. अनेक बायकांनी त्यावर संसाराला हातभार लावला, त्याबद्दल आदरच आहे. पण यातल्या बऱ्याचशा लाद्या कंपाउंडच्या. त्यांत कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते. ती जिभेवर विरघळत नाही, टाळूला मेणासारखी चिकटते. आमची मिल्क पावडरची वडी ओबडधोबड असेल, पण तिने असं कधी केलं नाही. त्यानंतर कंपन्यांचे झगमगीत खोके आले. दिवाळीत एका घरातून आलेला खोका न फोडता दुसऱ्या घरी जातो, तिथून तिसऱ्या. काही खोके फिरून मूळ घरी परत आल्याचेही किस्से ऐकिवात आहेत. घरच्या वडीच्या डब्याचं असं कधीच झालं नाही, कारण तो उघडल्याशिवाय कुणालाच राहवत नसे.

ज्यांना पुन्हा सुरुवात करायची आहे त्यांनी सरळ आँटींच्या वाटेने जावं. सोपं केलं म्हणजे फसवणूक केली, हा आजीच्या काळचा समज सोडून द्यावा. 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, साधारण तेवढंच चांगलं काळं चॉकलेट, चमचा-दोन चमचे बिनमिठाचं लोणी. चॉकलेट बारीक चिरावं. सगळं जाड बुडाच्या भांड्यात अगदी मंद आचेवर ठेवून एकजीव होईपर्यंत ढवळावं आणि लगेच उतरवावं. उकळी येऊ दिली तर चॉकलेट तेल सोडतं. कोरडे भाजलेले अक्रोड मूठभर आणि मिठाची चिमूट घालून, बटर पेपर लावलेल्या डब्यात ओतावं. चार-पाच तास फ्रीजमध्ये, मग गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने काप. कोकोची पावडर वापरायची असेल तर ती साधी, बिनसाखरेची घ्या. ड्रिंकिंग चॉकलेट आणलंत तर नुसतं गोडमिट्ट होईल. हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये, दोन आठवडे सहज टिकतं. कुणाला देणार असाल तर अक्रोड घातल्याचं चिठ्ठीवर लिहा, काहींना ते चालत नाहीत.

आणि पाकाची वडीच करायची असेल तर आईची वही काढा. तिच्यात सगळं प्रमाण वाटीत असणार, आणि ती वाटी नेमकी कोणती हे वहीत नसणार. आई आहे तोवर ती वाटी तिच्याकडून मागून घ्या, साखरेने भरून वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा वहीच्या समासात लिहून टाका. आमच्या घरची वाटी 150 ग्रॅम साखरेची होती.