खणाचं कॉर्सेट आणि पंगतीची परीक्षा

भाचीच्या लग्नाचा बस्ता लातूरच्या गंजगोलाईत बांधला. 1917 साली उभारलेल्या या गोल बाजारात सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातले निम्मे पालथे घातल्यावर तिने जाहीर केलं, "रिसेप्शनला मला कॉर्सेट ब्लाउज पाहिजे." आज्जीला तिने मोबाइलवर फोटो दाखवला. बिनबाह्यांचं, पोटापाशी टोकदार, पाठीला डोरीने आवळलेलं. आज्जी म्हणाली, "ही तर चोळीच की गं. गाठ मागं गेली एवढंच."

आज्जीचं निम्मं खरं होतं. गाठीची चोळी छातीला खालून आधार देते, पण कमरेला मोकळं सोडते. कॉर्सेटची सगळी करामत बरगड्या आणि कंबर यांच्यावर चालते, आणि ती चालते आतल्या उभ्या पट्ट्यांमुळे. युरोपात या पट्ट्या आधी देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक झालरीच्या असत, पुढे पोलादाच्या आल्या. 1914 मध्ये अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकबने दोन रुमाल आणि रिबिनीतून सुचलेल्या ब्रेसियरचं पेटंट घेतलं. त्याच सुमारास पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बायका हळूहळू त्या पोलादातून सुटल्या. मग 1980च्या दशकात व्हिव्हियन वेस्टवूडने कॉर्सेट उचलून थेट बाहेरचा कपडा केला. 1990 मध्ये मॅडोनाने जाँ पॉल गोतियेचं शंकूवालं कॉर्सेट रंगमंचावर घातलं, आणि 2020 मध्ये आलेल्या 'ब्रिजर्टन'ने नव्या पोरींना पुन्हा नाद लावला.

रेणापूरला रेणुकादेवीच्या ओटीसाठी खण घरात येतातच. तसाच गुळेदगुड्डचा एक जांभळा खण भाचीने निवडला. गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी प्रिन्सेस कट शेकड्याने शिवलेले; कॉर्सेट पहिलंच. त्यांनी माप घेताना एक शहाणपणा केला: "पोट आत ओढू नको. जेवून ये, मग माप घेते."

कापडापेक्षा आतला माल महत्त्वाचा, हे तिथे बसून कळलं. खण तसा पातळ. त्याला आतून मजबूत सुती कापड लागतं, नाहीतर पट्ट्या वर उमटतात. बाजारात मिळणारी प्लास्टिकची पट्टी अंगाच्या उष्णतेने वाकते आणि बसल्यावर पोटात टोचते. पोलादाची वेटोळी पट्टी चहूकडे वळते, म्हणून बरगडीपाशी तीच बरी. पट्टीची टोकं झाकली नाहीत, तर ती अस्तर फाडून बाहेर येतात. आणि डोरी आवळल्यावरही पाठीत दोन बोटं फट राहिली पाहिजे. ती पूर्ण मिटली, तर कॉर्सेट ढगळ झालं असं समजायचं. तयार घ्यायचं असेल, तर एस-एम-एलपेक्षा इंचातलं कमरेचं माप बघावं.

फिटिंगच्या दिवशी आज्जीने फर्मान सोडलं, "मांडी घालून बस, अन् वाकून पाया पड." भाची बसली आणि पुढची टोकदार पट्टी मांडीत रुतली. ताईंनी ती बोटभर आखूड केली. शहरातल्या बुटीकमध्ये ही परीक्षा कोण घेतं? आरशासमोर उभं राहून सगळ्यांनाच सगळं बसतं. लग्नात मात्र पंगत असते, सप्तपदी असते, आणि लातूरचा मे महिना असतो. पारा सहज चाळिशी ओलांडतो.

आता ते कपाटात पडून नाही. भाची तेच कॉर्सेट पांढऱ्या सुती शर्टावर घालून कॉलेजात शिकवायला जाते. डोरी सैल, खाली साधी पँट. साडीच्या आत घालायला तिने छातीखालून सुरू होणारं दुसरं घेतलंय, त्यावर आपली नेहमीची ब्रेसियर चालते. मात्र ते घालून कंबर कायमची बारीक होते, हा दुकानदारांचा दावा खोटा आहे. डोरी सोडली की कंबर जागेवर येते.

शिवायला टाकणार असाल तर शिलाईत आतून दोन्ही बाजूंनी चांगली माया ठेवायला सांगा, अस्तर सुतीच घ्या, आणि घास गिळताना किंवा श्वास घेताना अडलं तर लाज न धरता डोरी सोडा.