कार्ड चालतंय, पण कशाला?

अहमदपूरहून लातूर जवळ की नांदेड, यावर आमच्याकडं एकमत नाही. दोन्ही साधारण सारखंच पडतं. बाजाराला, कॉलेजला ही सोयच. पण रात्री अकराला आण्णांच्या छातीत कळ आली, तेव्हा गाडीचं तोंड कोणीकडं करावं हे कळेना.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळ्या चघळायला दिल्या आणि म्हणाले, “अँजिओग्राफी लागेल. लातूरला न्या नाहीतर नांदेडला, पण लगेच निघा.” १०८ दारात लागलेली. ड्रायव्हरनं विचारलं, “कुठं न्यायलालाव?”

आमचं केशरी कार्ड. योजना नांदेडात आधी आली, २ जुलै २०१२ला, पहिल्या आठ जिल्ह्यांत. लातूरला नोव्हेंबर २०१३ उजाडला. म्हणून की काय, मोठ्या दुखण्याला आमच्याकडं ‘नांदेड’च म्हणतात. २०१७ला तिचं नाव महात्मा फुले झालं; आईच्या तोंडी अजून ‘राजीव गांधी’च.

“विष्णुपुरीला नको,” आई म्हणाली. २०२३च्या ऑक्टोबरात तिथल्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत २४ जण दगावल्याची, त्यात १२ नवजात बाळं असल्याची बातमी तिनं टीव्हीवर पाहिली होती. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. खासगीत पैसे संपलेला माणूस शेवटी तिथंच जातो, आणि उशिरा जातो. पण ती वेळ वादाची नव्हती.

लोह्याच्या अलीकडं फोन लावायला सुरुवात केली.

“योजना आहे का?”

“आहे.”

“हार्टसाठी?”

“हार्टसाठी नाही, हाडांसाठी आहे.”

हे कोणी आधी सांगत नाही. बोर्डावर योजनेचं नाव असतं, पण रुग्णालय विभागवार योजनेत असतं. हाडं आहेत म्हणून हृदय असेलच असं नाही.

दुसरीकडं पोरगा म्हणाला, “आरोग्यमित्र सकाळी येतो. आता पन्नास हजार भरा, कार्डाचं उद्या बघू.” नियम असा आहे की, तातडीच्या वेळी रुग्णालयानं फोनवर कळवून उपचार सुरू करायचे, कागद नंतर द्यायचे. मी तो सांगितला. त्यानं “सरांना विचारतो” म्हणून फोन ठेवला. पुन्हा उचललाच नाही. रात्रपाळीच्या त्या पोरावर तरी किती चिडणार? डिपॉझिट त्यानं ठरवलेलं नसतं.

तिसरीकडं एका सिस्टरनं उचलला. कार्डाचा रंगसुद्धा विचारला नाही. “कळ कधी सुरू झाली? ईसीजीचा फोटो पाठवा. डॉक्टरांना बोलावते, तुम्ही या.”

रात्रीतच स्टेंट पडला. सकाळी चुलतभाऊ कार्ड घेऊन एसटीनं आला, तेव्हा कळलं की रेशनकार्डावर आण्णा ‘गणपती’ आहेत आणि आधारवर ‘गणपत’. आरोग्यमित्रानं तीन चकरा मारून ते निस्तरलं. बिल एक रुपयाही नाही.

जुलै २०२४पासून पांढऱ्या कार्डालाही योजना आहे, पाच लाखांपर्यंत. त्यामुळं आता गावातले मास्तरसुद्धा मला विचारतात. माझ्या मोबाइलमध्ये यादी आहे : नांदेड, लातूर, कोणत्या रुग्णालयात कोणता विभाग, रात्री फोन कोण उचलतं. दर दोन महिन्यांनी फोन करून ती तपासतो, कारण विभाग निघतात, नवे लागतात.

परवा शिरूर ताजबंदहून फोन आला. मोटारसायकल घसरली, डोक्याला मार. मी म्हटलं, आधी १०८ बोलवा, मी इकडून विचारतो. दोन ठिकाणी नाही म्हणाले. लातूरच्या तिसऱ्यानं घेतलं.