परिचर्येची सनद

अमेरिकेतील वृद्धांच्या शुश्रूषागृहांत ज्यांना सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, अथवा व्यवहारात नुसते ‘सीएनए’, म्हणतात, त्या वर्गात मी न्यू जर्सीत चाकरी करते. आणि हुद्द्यांच्या उतरंडीत आमची जागा तळाची असली, तरी दिवसाकाठी त्या वृद्धांच्या देहाशी ज्यांचा सर्वाधिक संबंध येतो ते आम्हीच, ही गोष्ट भेटीस येणाऱ्या आप्तांच्या सहसा ध्यानी येत नाही.

या कामास नुसता सेवाभाव पुरत नाही, सनद लागते. १९८७ च्या संघराज्याच्या कायद्यान्वये किमान ७५ तासांचे शिक्षण आवश्यक ठरले. न्यू जर्सीने ते ९० तासांवर नेले, कॅलिफोर्नियाने १६० तासांवर. त्यानंतर ज्ञानाची व हातच्या कामाची अशा दोन परीक्षा, आणि मगच राज्याच्या दफ्तरी नाव दाखल होते.

तेवढ्या तासांत जे शिकवतात ते नवख्यास क्षुल्लक वाटावे असेच असते: डोळा नाकाकडील कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूस पुसावा; अर्धांगवायू झालेल्यास सदरा चढविताना लुळा हात आधी घालावा व उतरविताना शेवटी काढावा, कारण वाकण्यावळण्याचे काम धड हातच करू शकतो; आणि श्वास मोजावयाचा तो नाडी पाहून झाल्यावर मनगट न सोडता, कारण आपला श्वास कोणी मोजीत आहे हे उमगताच माणसाच्या श्वासाची लय पालटते. हे शिरस्ते अंगवळणी पडले म्हणजे मन मोकळे होते ते निरीक्षणास, आणि माझ्या मते या पेशाची खरी पात्रता तीच.

अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलताना टाचा व माकडहाड पाहावे लागते. तेथील लाली बोटाने दाबूनही फिकी पडली नाही, तर शय्याव्रणाचा आरंभ झाला असे समजावे. सावळ्या कांतीवर मात्र ही लाली सहजी दिसत नाही. तेथे त्वचेची ऊब व कठीणपणा भोवतालच्या त्वचेशी हाताने ताडून पाहावा लागतो. निदानाचा अधिकार आमच्या सनदेत नाही. परंतु परिचारिकेस तत्काळ वर्दी देण्याचे कर्तव्य आहे, आणि त्यात हयगय झाली, तर महिनोन्‌महिने न भरणारी जखम मागे राहू शकते.

म्हणून ज्यांचे आईवडील अशा गृहात असतील, त्यांनी डॉक्टरांची भेट आटोपल्यावर त्यांना न्हाऊ घालणाऱ्या साहाय्यकासही दोन प्रश्न अवश्य विचारावेत: आज जेवण किती गेले, आणि टाचा कशा आहेत?