तोच संगणक

जुन्या वाड्याचा एक वासा बदलावयास जावें आणि शेवटीं भिंतच उतरवावी लागावी, हा अनुभव आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांस असेल. टेबलावरील संगणकाची गोष्ट याहून निराळी नाहीं. प्रोसेसर जुना झाला, तेवढा बदलावा, असा माफक हेतु धरून मनुष्य बाजारांत जातो, आणि तेथें त्याला कळतें कीं प्रोसेसर एकटा येत नसतो. तो आपल्याबरोबर मदरबोर्ड आणतो, आणि त्या दोघांच्या पाठोपाठ मेमरीलाहि यावें लागतें. (मदरबोर्डास ‘मातृफलक’ असा प्रतिशब्द कोणी सुचवील, परंतु तो घेऊन पुण्याच्या तपकीर गल्लींत शिरणारास रिकाम्या हातीं परतावें लागेल. म्हणून आम्हीं प्रचारांतलेच शब्द पत्करले आहेत.)

या तिघांची मोट अशी कां बांधली गेली, हें पाहण्यासारखें आहे. आमच्या घरच्या संगणकांत इंटेल कंपनीनें २०१४ सालीं काढलेला ‘कोअर आय-५ ४५९०’ हा प्रोसेसर होता. या जातीच्या प्रोसेसरच्या खालच्या अंगास ११५० संपर्कबिंदु असतात, आणि बोर्डावरील खोबणींत तितक्याच बारीक तारा उभ्या असतात. २०१५ सालच्या पिढीला ११५१ बिंदु आले, आणि आदल्या पिढीचे सारे बोर्ड तिला परके झाले. पुढें २०१७ मध्यें तर आंकडा ११५१ हाच राहिला, तरीहि कंपनीनें नव्या प्रोसेसरसाठीं नवाच बोर्ड मागितला. मग २०२० सालीं १२०० आणि २०२१ सालीं १७००. ए.एम.डी. या प्रतिस्पर्धी कंपनीनें मात्र २०१७ च्या आपल्या पहिल्या रायझेन प्रोसेसरपासून ‘ए एम ४’ ही एकच खोबण अनेक वर्षें चालविली. हें औदार्य म्हणावें कीं हिशेब, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. गिऱ्हाइकाचा त्यांत फायदा झाला, एवढें खरें.

मेमरीचें बंधन याहून सूक्ष्म आहे. पूर्वीं मेमरीशीं देवघेव करणारा कारभारी बोर्डावरील एका वेगळ्या चिपेंत राहत असे. आतां तो प्रोसेसरच्याच पोटांत राहतो, आणि त्यामुळें कोणती मेमरी चालेल हें प्रोसेसर ठरवितो. डीडीआर ३ जातीच्या पट्टीला २४० संपर्क व दीड व्होल्ट. डीडीआर ४ ला २८८ व १.२ व्होल्ट, डीडीआर ५ ला संपर्क पुन्हां २८८ च, परंतु व्होल्ट १.१, आणि पट्टीवरील खांच निराळ्या जागीं. ही खांच मुद्दाम सरकविलेली असते. चुकीची पट्टी बळेंच बसवूं पाहणाराचें बळ तेथें वायां जातें. आमच्या जुन्या डीडीआर ३ पट्ट्या सर्वस्वीं निर्दोष होत्या, पण नव्या घरांत त्यांना दारच नव्हतें.

चालत्या यंत्राच्या वाटेस जावेंच कशाला, असें कोणी विचारील. यंत्र चालत होतें हें खरें. परंतु मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची नित्याची राखण १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आमचा चौथ्या पिढीचा. वस्तु जुनी झाली हें पूर्वीं तिच्या झिजेवरून मालकास कळत असे. आतां तें दूरच्या शहरांतून पत्रक निघून कळतें. ही गोष्ट आम्हांस अद्याप पचलेली नाहीं. लिनक्स घातलें असतें तर तेंच यंत्र आणखी कित्येक वर्षें चाललें असतें, आणि एकट्यापुरता प्रश्न असता तर आम्हीं तेंच केलें असतें. पण घरच्या यंत्रावर चार माणसांचे हात फिरतात, आणि संवयींचेंहि एक राज्य असतें.

शेवटीं ‘रायझेन ५ ५६००जी’ हा २०२१ सालचा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, त्याला साजेसा बोर्ड आणि डीडीआर ४ च्या दोन पट्ट्या घेतल्या. यांतील ‘जी’ हें अक्षर महत्त्वाचें आहे. नुसत्या ५६०० ला पडद्यावर चित्र उमटविण्याची स्वतःची सोय नसते, आणि मग वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा खर्च अंगावर येतो. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं उभ्या राहिलेल्या प्रचंड संगणकशाळांच्या मागणीनें मेमरीचे भाव चढले होते; म्हणून डीडीआर ५ च्या नादीं आम्ही लागलों नाहीं.

जोडणी दुकानांतील एका तरुणानें आमच्यासमोर केली. ए एम ४ जातींत सुया प्रोसेसरच्याच अंगाला असतात, एकंदर १३३१. त्यानें खोबणीची दांडी उचलली, कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण जुळविला, आणि प्रोसेसर नुसता सोडला. तो आपल्या वजनानेंच खालीं बसला. दाबणें नाहीं, ढकलणें नाहीं. सराफाच्या हाताची आठवण व्हावी असें तें काम होतें. नवा बोर्ड जुन्या पेटींतील स्क्रूच्या भोंकांवर बिनचूक उतरला, कारण १९९५ सालीं इंटेलनें घालून दिलेलें एटीएक्स घराण्याचें माप बहुतेक कारखानदार अजून पाळतात. या धंद्यांत एवढा जुना करार टिकावा, याचें आम्हांस नवल वाटलें.

काम झालें तेव्हां पेटी, डिस्क, पडदा व कळफलक सारें जुनेंच होतें. घरीं कोणीहि ‘नवा संगणक आला’ असें म्हटलें नाहीं. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन राजा मिलिंदास विचारतो कीं रथ म्हणजे आंस काय, चाकें काय, जूं काय. आणि यांपैकीं एकहि रथ नसल्यामुळें ‘रथ’ हें केवळ व्यवहाराचें नांव ठरतें. प्लुटार्कनें सांगितलेली थीसियसच्या नौकेची कथाहि अशीच. तिला सतराव्या शतकांत हॉब्जनें पुरवणी जोडली, कीं काढलेल्या जुन्या फळ्या जपून कोणी त्यांची पुन्हां नौका केली, तर खरी नौका कोणती? ही पुरवणी आम्हांस केवळ बुद्धीची कसरत वाटत असे. परंतु तो तरुण काढलेला बोर्ड, प्रोसेसर व मेमरी आमच्या हातीं देत म्हणाला, “सर, हा सेट चालू आहे. रिकामी पेटी नि पॉवर सप्लाय घातला कीं दुसरा पीसी उभा राहतो.” तसा तो उभा राहिलाहि, आमच्या एका विद्यार्थ्याच्या खोलींत तो लिनक्सवर चालतो.

मायक्रोसॉफ्टपाशीं या वादावर निश्चित सिद्धांत आहे. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना मदरबोर्डाशीं बांधलेला असतो. बोर्ड बिघडला म्हणून बदलला तर संगणक तोच. सुधारणेसाठीं बदलला तर तो नवा संगणक, आणि त्याला परवानाहि नवा! वस्तूचें तादात्म्य मालकाच्या हेतूवर टांगणारें असें दर्शन आमच्या वाचनांत दुसरें नाहीं. परवान्याचे पैसे आम्हीं भरले. सिद्धांत मान्य केला, असा त्याचा अर्थ नव्हे. आमच्या मतें घरच्यांचेंच म्हणणें बरोबर होतें. डिस्क तीच आहे तोंवर संगणक तोच. वीस वर्षांचीं टिपणें, पत्रें आणि घरच्या माणसांचीं चित्रें तिच्यावर आहेत, बोर्डावर नाहींत.

मात्र हें म्हणणें पुढेंहि खरें राहील, अशी हमी नाहीं. नवें विंडोज कंपनीच्या खात्यानें प्रथम सुरू केलें कीं बहुधा डिस्कवरील सर्व मजकूर कूटलिपींत बंद करतें, आणि किल्ली टीपीएम नांवाच्या सुरक्षा-कोठडींत ठेवतें. ही कोठडी असते प्रोसेसरमध्यें किंवा बोर्डावर. आमच्या जुन्या यंत्रांत ही व्यवस्था नव्हती, म्हणून डिस्क निमूटपणें नव्या घरीं नांदूं लागली. पुढच्या वेळीं ती बोर्ड बदलतांच ४८ अंकी संख्या विचारील. आणि ती संख्या कोठेंच जपलेली नसेल, तर टिपणें व चित्रें डिस्कवर जशींच्या तशीं असूनहि कोणाला पाहतां येणार नाहींत. संख्येची एक प्रत कंपनीच्या खात्यांत राहते हें खरें; पण खातें एका माणसाचें, आणि चित्रें साऱ्या घराचीं. म्हणून सहा सहा अंकांचे आठ गट पाडून आम्हीं ती कागदावर उतरली आहे. तो कागद विम्याच्या कागदांबरोबर लोखंडी कपाटांत आहे, आणि कपाटांत कोठें, तें घरांतील दोघांस दाखवून ठेवलें आहे.